रॉलिन कर्बी आणि श्रीयुत कोरडे

दारूने धुळीस मिळालेले एखादे घर सोनपेठात कोणास ठाऊक नाही? तेव्हा दारूबंदीची टर उडविणाऱ्या गृहस्थाचे चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढे का ठेवितो, असे पालकांस वाटणे साहजिक आहे. परंतु आपल्याकडेही १९४९ साली मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा झाला, १९६० नंतर तो सैल पडला, आणि परवान्याची अट तेवढी कागदावर राहिली. चांगल्या हेतूचा कायदा लोकांच्या मनातून कसा उतरतो, हे कर्बी ह्यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते.

रॉलिन कर्बी ह्यांचा जन्म १८७५ साली अमेरिकेत इलिनॉय प्रांतातील गाल्वा गावी झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते न्यूयॉर्क व पॅरिस येथे शिकले; पण त्यावर पोट भरेना. पस्तिशी उलटल्यावर ते वृत्तपत्रांकडे वळले आणि न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ पत्रात स्थिरावले. कल्पना सकस असल्यास कच्ची रेषाही चालते, उलट मात्र घडत नाही, असे त्यांचे मत होते.

जानेवारी १९२० मध्ये अमेरिकेत देशभर दारूबंदी सुरू झाली. तिच्यासाठी अनेक ख्रिस्ती मंडळ्या व स्त्रियांच्या संस्था वर्षानुवर्षे झटल्या होत्या. कर्बी ह्यांनी त्या कायद्यालाच माणसाचे रूप दिले: हडकुळा देह, काळा पोशाख, उंच टोपी, हातमोजे, छत्री, आणि चेहरा असा आंबट की हसणे हाही जणू गुन्हाच. हा ‘मिस्टर ड्राय’. आपण त्यास श्रीयुत कोरडे म्हणू. इकडे चोरटी दारू, लाचखोरी व विषारी दारूचे मृत्यू वाढत होते. त्यामुळे शेकडो लेखांहून हे कोरडे महाशय वाचकांस अधिक पटले. ५ डिसेंबर १९३३ रोजी बंदी उठली. ती केवळ चित्रांनी उठविली, असे आम्ही म्हणणार नाही. मंदीत सरकारास दारूवरील कर हवाच होता.

ढोंगी सुधारक कर्बी ह्यांनी अचूक टिपला. पण मध्यरात्री नवऱ्याची वाट पाहत बसलेली बायको, जिच्यासाठी कित्येकांनी हा कायदा मागितला, ती श्रीयुत कोरड्यांच्या रूपात कोठेच दिसत नाही. ही उणीव आम्हांस खटकते. मात्र सक्तीवाल्यांनीही तिचे नाव पुढे करून स्वतःचाच तोरा मिरविला, म्हणून चित्रकाराचे फावले.

व्यंगचित्रासाठीचे पहिले पुलित्झर पारितोषिक कर्बी ह्यांस १९२२ साली मिळाले. पुढे १९२५ व १९२९ सालीही ते त्यांसच लाभले. गंमत ही, की तिन्ही चित्रांचे विषय निराळे होते. १९३१ साली ‘वर्ल्ड’ विकले गेले, तरी त्यांनी इतर पत्रांत चित्रे काढणे चालू ठेविले. १९५२ साली न्यूयॉर्क येथे ते वारले. श्रीयुत कोरडे त्यापूर्वीच निवृत्त झाले होते.