विल्यमला जन्म देणाऱ्या क्रॉम्प्टनबाई

इंग्लंडमधल्या बरी गावात १८९० साली जन्मलेल्या रिचमल क्रॉम्प्टन मुलींच्या शाळेत लॅटिन-ग्रीक शिकवायच्या. १९१९ पासून मासिकात त्यांच्या विल्यमच्या गोष्टी येऊ लागल्या. अकरा वर्षांचं हे पोर म्हणजे घरादाराच्या डोक्याला ताप! १९२२ मध्ये पहिलं पुस्तक आलं. पुढच्याच वर्षी पोलिओने उजवा पाय निकामी केला, नोकरीही सोडावी लागली. लेखणी मात्र थांबली नाही. १९२५ मध्ये त्यांनी विल्यमलाही पुरून उरणारी बोबडी, हट्टी व्हायोलेट एलिझाबेथ आणली. मनासारखं झालं नाही की किंचाळायची धमकी! मोठ्यांसाठी त्यांनी चाळीसेक कादंबऱ्या लिहिल्या, खरं काम तेच मानलं. १९६९ मध्ये बाई गेल्या. कादंबऱ्या मागे पडल्या. विल्यम मात्र अजून अकराचाच आहे.