नागपूरचे आप्पासाहेब भोसले

बर्डीच्या बाजारात आपण नित्य जातो; पण तिथल्या टेकड्यांवर कोण कशासाठी लढले, हे पुष्कळ भगिनींना ठाऊक नसते. म्हणून मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब भोसले यांच्याविषयी लिहीत आहे.

हे दुसऱ्या रघूजीराजांचे पुतणे. राजे १८१६ साली वारले. मुलगा परसोजी अधू. कारभार कोणी पाहायचा यावरून वाड्यात दोन तट पडले; एकीकडे राणी बाकाबाई, दुसरीकडे आप्पासाहेब. आपली बाजू बळकट व्हावी म्हणून त्यांनी मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. खर्च वर्षाला साडेसात लाख! शिवाय इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या दरबाराशी बोलायची चोरी. १८१७ च्या फेब्रुवारीत परसोजी मेले. मारविल्याचा आळ आप्पासाहेबांवर आला. गादी मात्र मिळाली.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशवे आणि इंग्रज लढले. ही लढाई नागपूरची नव्हती. आप्पासाहेब स्वस्थ बसते तर गादी राहती. मग ते का पडले? मला वाटते, १८०३ च्या लढाईत कटक आणि वर्धेपलीकडचे वऱ्हाड गेले, ते शल्य घरात होतेच. त्यात साडेसात लाखांचा काच. वर पेशव्यांनी सेनासाहेबसुभ्याची वस्त्रे पाठविली. सातारच्या छत्रपतींनी पूर्वजांना दिलेला तो मान परत कसा करावा?

रेसिडेंट जेनकिन्सला न जुमानता २४ नोव्हेंबरला त्यांनी वस्त्रे घेतली. २६ च्या संध्याकाळी सीताबर्डीवर गोळीबार सुरू झाला. इंग्रजांकडे दीड हजारांच्या आतबाहेर माणसे, भोसल्यांची फौज कितीतरी पट. सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतलीही, पण दुपारपर्यंत सारे फिरले. लढले याचे मला वाईट वाटत नाही. हरल्यावर हे आपल्या मनाविरुद्ध घडले असे कळविले, ते खटकते. १६ डिसेंबरला ते इंग्रजांच्या स्वाधीन झाले, आणि अरब बिचारे पुढेही शहरात झुंजत राहिले!

१८१८ च्या मार्चमध्ये त्यांना पकडून अलाहाबादेस नेत असता मे महिन्यात ते शिपायाच्या वेषात निसटले. महादेवाच्या डोंगरात गोंडांनी आसरा दिला. इकडे परसोजींच्या विधवा दुर्गाबाईंनी दत्तक घेतलेला मुलगा गादीवर बसला आणि वाड्याचा कारभार बाकाबाईंकडे आला. आप्पासाहेब पंजाबापर्यंत भटकले. शेवटी जोधपूरच्या मानसिंहराजांनी ठेवून घेतले. इंग्रजांनी मागूनही दिले नाही. तिथेच ते १८४० साली वारले.