ईशान्येचे वारे, नैर्ऋत्येचे वादळ

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर हिवाळ्यात येणाऱ्या वादळांना तेथील लोक ‘नॉरईस्टर’ म्हणतात. असे वादळ येणार अशी चाहूल लागली की हौशी हवामान अभ्यासकांत एकच वाद रंगतो : या खेपेस पाऊस पडणार की हिम? वादळाचे केंद्र किनाऱ्याला बिलगून गेले, तर समुद्रावरील उबदार हवा शहरांवर येते आणि पाऊस पडतो. ते थोडे दूर समुद्रात राहिले, तर जमिनीवरील थंड हवा टिकते आणि हिमाचे ढीग साचतात. काही किलोमीटरांच्या फरकाने निकाल पालटतो. या वादाची दोन्ही टोके ज्याने अडीच शतकांपूर्वी हाती धरली होती, तो गृहस्थ आपल्याला पाठ्यपुस्तकातील पतंगामुळे ठाऊक आहे.

बेंजामिन फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टनमध्ये झाला. वडील मेणबत्त्या आणि साबण बनवीत. शाळा दहाव्या वर्षीच सुटली, बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी सुरू झाली आणि सतराव्या वर्षी भावाशी न पटल्याने तो पळून फिलाडेल्फियाला गेला. तेथे त्याने स्वतःचा छापखाना थाटला, १७२९ मध्ये एक वृत्तपत्र विकत घेतले आणि १७३३ सालापासून ‘गरीब रिचर्ड’ या टोपणनावाने पंचांग काढले. हे पंचांग वर्षाला सुमारे दहा हजार प्रतींपर्यंत खपे. त्यात वर्षभराचे हवामानही दिलेले असे. ते अर्थातच हवेतले होते आणि फ्रँकलिनला याची पूर्ण कल्पना होती. भाकितात एक-दोन दिवस मागेपुढे झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे, अशी मिश्कील विनंती त्याने एका वर्षीच्या प्रस्तावनेत केली होती.

हवामानाच्या भाकितांवर पैसे मिळवणाऱ्या या माणसाला खरे हवामान मात्र एका ग्रहणाने शिकवले. २१ ऑक्टोबर १७४३ (तेव्हाच्या जुन्या कालगणनेनुसार) रोजी रात्री चंद्रग्रहण होते. फ्रँकलिन फिलाडेल्फियात ते पाहण्याच्या तयारीत असताना ईशान्येकडून वादळ आले आणि आकाश झाकले गेले. वारा ईशान्येचा, म्हणजे वादळ बोस्टनच्या दिशेचे. तेव्हा तेथे ते आधीच पोहोचले असणार, असा त्याचा साहजिक समज झाला. पण बोस्टनच्या वृत्तपत्रात ग्रहणाचे वर्णन छापून आले. भावाला विचारता कळले, की तेथे ग्रहण नीट दिसले आणि वादळ त्यानंतर, रात्री उशिरा सुरू झाले.

दुसऱ्या कोणी हा योगायोग म्हणून सोडून दिला असता. फ्रँकलिन मुद्रक होता, पोस्टमास्तर होता. गावोगावची वृत्तपत्रे त्याच्याकडे येत. ती चाळून त्याने ठिकठिकाणच्या वेळा जुळवल्या आणि निष्कर्ष काढला : वारा ईशान्येकडून वाहतो, पण वादळ नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सरकते. १७५० च्या एका पत्रात त्याने याचे कारणही मांडले. कालव्याच्या टोकाचे दार उघडले की दाराजवळचे पाणी प्रथम हलते, मग त्यामागचे. पाणी दाराकडे वाहते, पण हालचाल उलट दिशेने पसरत जाते. मेक्सिकोच्या आखातावर तापलेली हवा वर गेली की तसेच होत असावे, असे त्याला वाटे. हे कारण अपुरे ठरले. वादळातील वारे केंद्राभोवती चक्राकार फिरतात, हे विल्यम रेडफील्डने १८२१ च्या वादळात उलटसुलट दिशांना पडलेल्या झाडांवरून ओळखले. पण वादळाची वाट फ्रँकलिनने अचूक सांगितली होती. माझ्या मते पतंगापेक्षा हे काम मोठे आहे. त्यात धाडस नव्हते, म्हणून त्याची चित्रे निघाली नाहीत. (१७५२ च्या पतंगाच्या चित्रांत शेजारी लहान मुलगा दिसतो, प्रत्यक्षात मुलगा विल्यम तेव्हा विशीत होता.)

पुढे राजकारणाने त्याला व्यापले. स्वातंत्र्ययुद्धात तो फ्रान्समध्ये वकिलात सांभाळत होता, तर विल्यम इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहिला. बापलेकांतली ती दरी अखेरपर्यंत बुजली नाही.

पॅरिसजवळ पासी येथे राहत असताना, १७८३ च्या उन्हाळ्यात युरोपवर एक विचित्र कोरडे धुके पसरले. बहिर्गोल भिंगातून एकवटलेल्या उन्हाने कागदही धड पेटेना. मागोमाग कडाक्याचा हिवाळा आला. याचा संबंध आइसलँडमधील ज्वालामुखीशी असू शकेल, असा तर्क त्याने १७८४ मध्ये एका छोट्या निबंधात मांडला. त्याच निबंधात आणखी एक विचार आहे. भर उन्हाळ्यात गारा पडतात, त्याअर्थी उंचावर सदैव हिवाळाच असला पाहिजे. मग उन्हाळ्यातला पुष्कळसा पाऊस वरून निघताना हिमच असेल आणि खालच्या उबदार हवेत वितळून पाणी होत असेल. निबंधाला त्याने कल्पना आणि तर्क असेच नाव दिले होते, सिद्धान्ताचा आव आणला नव्हता. दीडशे वर्षांनी, १९३० च्या दशकात, स्वीडिश शास्त्रज्ञ टोर बर्गेरॉन यांनी समशीतोष्ण प्रदेशातील बराचसा पाऊस ढगातील हिमकणांतून कसा घडतो, ते उलगडले. पाऊस की हिम या वादाचे मूळ इथेच आहे : वरून बहुधा हिमच निघते, खालच्या काहीशे मीटर हवेत त्याचे काय होते एवढाच प्रश्न असतो.

ती हवा उबदार करण्यात गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाचा मोठा हात असतो. त्याचा नकाशाही फ्रँकलिनने टिमथी फोल्जर या खलाशी नातलगाच्या मदतीने १७६९ च्या सुमारास छापून घेतला होता. १७८५ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, मुतखड्याने बेजार असताना तो अखेरचा अटलांटिक ओलांडून मायदेशी परतला. त्या प्रवासातही समुद्रात तापमापक सोडून पाण्याचे तापमान रोज टिपून ठेवले जात होते. १७ एप्रिल १७९० रोजी फिलाडेल्फियात त्याचे निधन झाले.