दुसरे रामदास

रामदास म्हटले की आपल्याला समर्थ रामदास आठवतात. या अंकात आम्ही दुसऱ्या एका रामदासांची ओळख करून देत आहोत. ते म्हणजे हवामानशास्त्रज्ञ डॉ. एल. ए. रामदास.

त्यांचा जन्म १९०० साली केरळातील पालघाटचा. कलकत्त्याला सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली त्यांनी प्रकाशावर संशोधन केले. पुढे ते हवामान खात्यात आले. १९३२ मध्ये पुण्यात शेतीच्या हवामानाचा अभ्यास करणारा विभाग सुरू झाला. त्याची धुरा रामदासांकडे होती. पिके जमिनीलगत वाढतात, म्हणून तिथल्या हवेचे तापमान निरनिराळ्या उंचीवर मोजले जाऊ लागले.

रात्री जमीन निवते, तेव्हा सर्वांत थंड हवा जमिनीला टेकलेलीच असणार, असे सारे मानत. पण रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांना वेगळेच दिसले. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असताना, मोकळ्या जमिनीवर सर्वांत थंड हवा वीत-दोन वीत वर होती! १९३२ मध्येच त्यांनी ही नोंद प्रसिद्ध केली.

अनेकांना ते पटेना. पातेल्यात पाणी तापत ठेवले की तळाचे गरम पाणी हलके होऊन वर येते आणि वरचे थंड पाणी खाली जाते. याला अभिसरण म्हणतात. मग वरची थंड, जड हवा खाली का येत नाही? मोजण्यातच चूक असावी, अशी शंका घेतली गेली. अखेर राश्के या जर्मन संशोधकाने पुण्यातच काळजीपूर्वक मोजमापे घेऊन ती १९५७ मध्ये प्रसिद्ध केली. रामदासांची नोंद खरी ठरली. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

१९७९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाही या कोड्याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नव्हते. २०१४ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी प्रयोगांतून हवेतल्या सूक्ष्म कणांकडे बोट दाखवले. हे कण सावकाश खाली उतरत असतात आणि जमिनीलगत त्यांची दाटी होते. रात्री ते आपली उष्णता आकाशाकडे टाकतात, त्यामुळे भोवतालची हवाही गार होते. शिवाय तापमानातला फरक थोडा असला, तर अभिसरण सुरूच होत नाही.

आपल्या सिंगापूरकरांना असे कण नवे नाहीत. जून २०१३ मध्ये जंगलांच्या धुराने इथला प्रदूषण निर्देशांक ४०१ वर गेला होता. तेव्हा ते कण सर्वांना दिसले. पुण्याच्या स्वच्छ रात्री मात्र ते कोणाच्या डोळ्यांना दिसत नव्हते, फक्त तापमापकाला कळत होते. तापमापकाने जे सांगितले, ते रामदासांनी तसेच लिहून ठेवले. आज तो थर जगभर 'रामदास थर' म्हणून ओळखला जातो. आपल्या वहीतला आकडा पुस्तकाशी जुळला नाही, तर तो लगेच खोडू नये, पुन्हा मोजून पाहावा, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो.