डॉ. विल्यम केरी : सेरामपूरचा मराठी व्याकरणकार

मराठी भाषेच्या मुद्रणाचा इतिहास चाळू लागले म्हणजे एक गोष्ट प्रथमदर्शनीच विस्मयकारक वाटते. मराठीचे एक अगदी आरंभीचे छापील व्याकरण ना पुण्यास सिद्ध झाले, ना मुंबईस. ते 1805 साली बंगालमध्ये हुगळी नदीच्या काठी, सेरामपूर येथील छापखान्यातून बाहेर पडले. त्याच सुमारास तंजावरचे सरफोजीराजे आपल्या राजधानीत मराठी ग्रंथ छापविण्याच्या उद्योगास लागले होते. म्हणजे आधुनिक मराठी मुद्रणाचा आरंभ महाराष्ट्राच्या सीमेबाहेर, परप्रांतीच झाला. महाराष्ट्रापासून शेकडो मैलांवर राहून मातृभाषेचा दिवा तेवत ठेवणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना या योगायोगाचे विशेष अगत्य वाटावे. म्हणूनच मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्या व्याकरणाच्या कर्त्याचे, डॉ. विल्यम केरी यांचे, चरित्र संक्षेपाने सादर करण्याचे आम्ही योजिले आहे. हे सेरामपूर म्हणजे बंगाली लोकांचे श्रीरामपुर. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपुराशी त्याचा काही संबंध नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

केरींचा जन्म 17 ऑगस्ट 1761 रोजी इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील एडमंड हे विणकर होते. पुढे ते गावच्या शाळेत पंतोजी झाले. मुलास उन्हात काम केल्याने त्वचेचा विकार होई, म्हणून शेतीचा नाद सोडून त्यास जोडे शिवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. चामडे कापता कापता या मुलाने लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या भाषा जवळजवळ स्वतःच्याच बळावर आत्मसात केल्या. कोणत्याही विद्यापीठाची पायरी तो चढला नव्हता. 1781 साली डॉरथी प्लॅकेट हिच्याशी त्याचा विवाह झाला. 1783 मध्ये त्याने बॅप्टिस्ट पंथाची दीक्षा घेतली आणि पुढे मोल्टन व लेस्टर येथे तो धर्मोपदेशक झाला. वेतन तुटपुंजे असल्यामुळे शाळा चालविणे आणि जोडे शिवणे ही दोन्ही कामे चालू ठेवावी लागत.

कॅप्टन कुक यांच्या सागरप्रवासाची वर्णने वाचून केरींच्या मनाने पृथ्वीप्रदक्षिणा आरंभिली. भिंतीवर जगाचा नकाशा लावून त्यावर त्यांनी प्रत्येक देशाची लोकसंख्या व धर्म यांची टिपणे केली. त्यांतूनच 1792 साली त्यांची छोटी पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिच्यातील कोष्टकांत देशादेशांची लांबी, रुंदी, लोकसंख्या व धर्म क्रमवार मांडलेले होते. त्या काळी त्यांच्या पंथातील अनेक वडीलधाऱ्यांचे मत असे होते, की परधर्मीयांचा उद्धार ईश्वराच्या मनात असेल तर तो मानवी साहाय्यावाचून होईल. केरींना हे मान्य नव्हते. 2 ऑक्टोबर 1792 रोजी केटरिंग येथे काही धर्मोपदेशकांनी एकत्र येऊन बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापिली. त्या दिवशी जमा झालेली वर्गणी 13 पौंड, 2 शिलिंग आणि 6 पेन्स इतकीच होती. पुढे जगभर पसरलेल्या मिशनरी चळवळीच्या इतिहासात ही रक्कम मानाने नोंदली गेली आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात परवान्याशिवाय मिशनऱ्यांना मज्जाव होता. इंग्रजी जहाजावरून उतरविले गेल्यावर केरी 1793 च्या जूनमध्ये एका डॅनिश जहाजाने निघाले आणि नोव्हेंबरात कलकत्त्यास पोहोचले. बरोबर पत्नी, तिची बहीण आणि चार मुले होती. डॉरथीबाईंची येण्याची इच्छा नव्हती. त्यांनी आधी साफ नकार दिला होता. अगदी अखेरच्या क्षणी, तान्हे मूल कडेवर घेऊन, त्या मनाविरुद्ध निघाल्या. आरंभीचे दिवस हलाखीचे गेले. काही काळ सुंदरबनाच्या परिसरात राहून केरींनी माल्दा भागातील मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी धरली. 1794 साली पाच वर्षांचा पीटर आजाराने दगावला. त्या आघाताने डॉरथीबाईंचे मानसिक संतुलन जे ढळले ते पुन्हा सावरलेच नाही. 1807 मध्ये त्यांचा अंत होईपर्यंत एका खोलीत त्यांचा आक्रोश आणि शेजारच्या खोलीत पतीचे भाषांतर अशी स्थिती होती.

केरींचे चरित्र लिहिणारे पुष्कळदा हा भाग चार ओळींत आटोपतात. आम्हांस ते योग्य वाटत नाही. नोकरीच्या निमित्ताने ज्यांचे संसार एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात हलले, त्यांना घरातील स्त्रीच्या वाट्याला येणारा एकाकीपणा काय असतो हे सांगावयास नको. परंतु आपल्याकडे निदान दर वर्षी माहेरची वाट मोकळी असते. डॉरथीबाईंना ती नव्हती. भाषा अनोळखी, हवा प्रतिकूल, मूल गेलेले, आणि निर्णय दुसऱ्याचा. केरींच्या कीर्तीची किंमत त्यांच्या पत्नीनेही मोजली, हे त्यांचा गौरव करताना विसरता कामा नये.

10 जानेवारी 1800 रोजी केरी डेन्मार्कच्या अमलाखालील सेरामपूर येथे स्थायिक झाले. जोशुआ मार्शमन हे शिक्षक आणि विल्यम वॉर्ड हे मुद्रक असे दोन सहकारी त्यांना लाभले. मार्शमन यांच्या पत्नी हॅना यांनी केरींच्या मुलांकडे लक्ष दिले व पुढे मुलींच्या शिक्षणासही हातभार लावला. तिघांनी मिळकत एकत्र करून एकाच भोजनगृहात जेवण्याचा नेम केला. केरींना हिंदुस्थानात येऊन सात वर्षे लोटली होती, पण एकही हिंदू ख्रिस्ती झाला नव्हता. 28 डिसेंबर 1800 रोजी कृष्ण पाल या सुताराने बाप्तिस्मा घेतला. संख्येच्या हिशेबाने पाहिले तर सात वर्षांची ही कमाई नगण्य. परंतु 1801 च्या आरंभीच बंगाली नवा करार छापून तयार झाला आणि केरींचे खरे कार्यक्षेत्र कोणते ते स्पष्ट झाले.

त्याच वर्षी लॉर्ड वेलस्लीच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली व संस्कृत शिकविण्यासाठी केरींची नेमणूक झाली. पुढे मराठीही त्यांच्याकडे आली. ज्या कंपनीने त्यांना मुलखात पाऊल ठेवू दिले नव्हते तिच्याच मुलकी अधिकाऱ्यांचे ते गुरू झाले. दरमहा पाचशे व नंतर हजार रुपये वेतन मिळे. त्यातील अल्पसा भाग स्वतःकडे ठेवून बाकी सर्व ते छापखान्यास देत.

मराठीचे मुख्य पंडित वैजनाथशर्मा हे कॉलेजात त्यांचे सहकारी होते. केरी महाराष्ट्रात कधी राहिले नाहीत. जी मराठी त्यांनी जाणली ती कलकत्त्यात, अशा पंडितांच्या मुखातून. 1805 मध्ये व्याकरण आणि 1810 मध्ये मराठी-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला. कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत छापले होते, कारण व्यवहारात मराठी माणूस मोडीच लिही. मोडीचे खिळे पाडणे सोपे नव्हते. बंगाली व देवनागरी अक्षरांचे ठसे पंचानन कर्मकार या कुशल कारागिराने कोरले होते आणि त्याचा जावई मनोहर याने ती विद्या पुढे चालविली. 1814 ते 1816 या काळात सिंहासनबत्तिशी, हितोपदेश आणि राजा प्रतापादित्याचे चरित्र ही मराठी गद्य पुस्तके सेरामपूरहून निघाली. मुंबईकडे मोल्सवर्थचा सुप्रसिद्ध कोश 1831 साली आला, यावरून हा आरंभ किती आधीचा होता ते ध्यानी येईल.

या ग्रंथांत दोष नव्हते असे नाही. केरींची भाषांतरे पुष्कळदा शब्दाला शब्द ठेवणारी असत आणि मराठी बायबल पुढच्या पिढ्यांना नव्याने रचावे लागले. बंगाली, ओडिया, संस्कृत, हिंदी, मराठी व असमिया या सहा भाषांत संपूर्ण बायबल आणि इतर अनेक भाषांत त्याचे भाग, एवढा पसारा एका मंडळीने मांडला म्हणजे सफाई उणी पडणारच. पण पुढचे काम ज्यावर उभे राहिले तो पाया याच मंडळीने घातला.

11 मार्च 1812 रोजी छापखान्यास आग लागली. अनेक लिप्यांचे खिळे, कागदाचे साठे, आणि केरींनी वर्षानुवर्षे खपून रचलेल्या बहुभाषी कोशाचे हस्तलिखित भस्मसात झाले. ठसे मात्र वाचले. वितळलेले शिसे गोळा करून नवे खिळे ओतण्यात आले आणि काही महिन्यांतच छपाई पूर्ववत झाली. आगीची वार्ता विलायतेस पोहोचताच मदतीचा ओघ सुरू झाला व ज्यांनी सेरामपूरचे नावही ऐकले नव्हते त्यांना ते माहीत झाले. त्याच वर्षी अमेरिकेचे पहिले मिशनरी कलकत्त्यास उतरले. कंपनीने त्यांना हुसकावले, तेव्हा ॲडोनायरम जडसन ब्रह्मदेशी गेले, आणि गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले. अमेरिकन मराठी मिशनचा उगम तो हाच. याच मिशनने 1842 साली अहमदनगर येथे ज्ञानोदय पत्र सुरू केले आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक याच परंपरेत वावरले.

केरींची दृष्टी केवळ धर्मप्रसारापुरती नव्हती. 1818 मध्ये सेरामपूर कॉलेज स्थापन झाले आणि त्याच वर्षी समाचार दर्पण हे बंगाली वृत्तपत्र निघाले. 1820 मध्ये त्यांच्या पुढाकाराने कृषी व उद्यानविद्या संस्था उभी राहिली. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाचे ग्रंथ त्यांनी संपादून प्रसिद्ध केले. सतीच्या चालीविरुद्ध त्यांनी कलकत्त्याच्या आसपासच्या घटनांची मोजदाद करवून सरकारपुढे ठेविली होती. 4 डिसेंबर 1829 रोजी लॉर्ड बेंटिंक यांनी ती चाल बेकायदा ठरविली, तेव्हा त्या हुकुमाचे बंगाली भाषांतर करण्याचे काम सरकारी भाषांतरकार म्हणून केरींकडेच आले. रविवारचे प्रवचन दुसऱ्यावर सोपवून त्यांनी ते एका दिवसात पुरे केले, कारण विलंबाने एखाद्या स्त्रीचा जीव जाण्याचा संभव होता. राजा राममोहन राय प्रभृती एतद्देशीय सुधारकांचा वाटा या कार्यात मोठा होता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

9 जून 1834 रोजी सेरामपूर येथे केरींचे देहावसान झाले. मध्यंतरीच्या एक्केचाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी परतले नाहीत.

त्यांनी मांडलेल्या संकल्पांपैकी एक उशिरा फळास आला. 1806 साली त्यांनी असे सुचविले होते, की सर्व पंथांच्या मिशनऱ्यांनी 1810 मध्ये केप ऑफ गुड होप येथे एकत्र जमावे. सहकाऱ्यांना ती कल्पना रम्य पण अशक्य वाटली. बरोबर शंभर वर्षांनी, 1910 मध्ये, एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली आणि हिंदुस्थानचे व्ही. एस. अझरया तेथे बोलले. आज जगातील निम्म्याहून अधिक ख्रिस्ती लोक आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिका येथे राहतात. कोरिया, ब्राझील व नायजेरिया येथूनही मिशनरी बाहेर जातात. आणि संपूर्ण बायबल सातशेहून अधिक भाषांत उपलब्ध आहे. 1792 च्या कोष्टकांकडे पाहता हा पालट केरींनाही थक्क करणारा ठरला असता. यातील पुष्कळ भाषांना पहिली लिपी, पहिले व्याकरण वा पहिला कोश अशाच कामातून मिळाला. त्या त्या धर्माच्या अनुयायांना ही वाढ उत्साहवर्धक वाटेल. आमच्या दृष्टीने त्यातील भाषासंवर्धनाचा भाग सर्वांनीच आनंदाने स्वीकारावा असा आहे.

धर्मांतर हा केरींचा उद्देश होता आणि तो त्यांनी कधी लपविला नाही. त्या उद्देशाशी आपल्यापैकी बहुतेकांचे मतैक्य होणार नाही. परंतु ऋण मान्य करण्यासाठी मतैक्याची आवश्यकता नसते. ज्ञानेश्वर-तुकारामांची भाषा एका परकीयाने परप्रांती बसून, पंडिताजवळ विद्यार्थ्याप्रमाणे शिकून, छापील अक्षरांत उतरविली. सह्याद्रीच्या रानात आढळणाऱ्या कुंभा या वृक्षास शास्त्रीय परिभाषेत केरिया हे नाव आहे. रॉक्सबर्ग यांनी ते केरींच्या सन्मानार्थ ठेविले. केरींचे नाव असे आपल्याच डोंगरांत नांदत असता, वैजनाथपंडितांचे नाव मात्र मराठी जनांच्या स्मृतीतून जवळजवळ पुसले गेले आहे.

मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांचा विचार करताना आम्हांस या पंडिताचीच अधिक आठवण होते. परमुलखात राहून, परक्याला आपली भाषा नीट, धीराने, व्याकरणासह शिकविणारा तो मराठी माणूस होता. आपल्या घरातील मुले आज तशी परकी नाहीत. पण मराठी वाचण्यालिहिण्याच्या बाबतीत ती होऊ लागली आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ मंडळाच्या दालनात वैजनाथपंडितांचे ते काम कोणीतरी अंगावर घ्यावे, एवढीच या निमित्ताने आमची विनंती आहे.