रानवाटेचे यंत्रशिल्पी बर्ट ग्रीव्ह्ज

जालना एमआयडीसीतील भट्ट्यांमध्ये भंगार वितळते आणि त्यातून सळ्या घडतात. वितळल्या धातूशी असे नाते असलेल्या शहराला इंग्लंडचे अभियंते बर्ट ग्रीव्ह्ज (१९०६-१९९३) यांचे जीवन परके वाटू नये. मोटोक्रॉस, म्हणजे खाचखळग्यांच्या रानवाटांवरील मोटारसायकल शर्यतींत त्यांच्या लहान इंजिनाच्या गाड्यांनी एकेकाळी युरोप जिंकला होता.

या कहाणीचा प्रारंभ मात्र एका चाकाच्या खुर्चीपासून झाला. ग्रीव्ह्ज यांचे नात्यातील बंधू डेरी प्रेस्टन-कॉब जन्मापासून अपंग होते. त्यांच्या खुर्चीला ग्रीव्ह्ज यांनी गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसविले आणि बंधूंचे परावलंबित्व संपले. दुसऱ्या महायुद्धानंतर अपंग सैनिकांनाही अशा वाहनांची गरज होती. ती ओळखून दोघांनी 'इनव्हाकार' ही कंपनी स्थापन केली. सरकारी मागणीने तिला स्थैर्य दिले.

१९५३ मध्ये याच कारखान्यातून ग्रीव्ह्ज मोटारसायकल बाहेर पडली. इंजिन व्हिलियर्स कंपनीचे होते. सांगाड्याची कल्पना मात्र स्वतःची होती. पुढच्या बाजूला पोलादी नळीऐवजी अॅल्युमिनियम मिश्रधातूची ओतीव तुळई होती. हादरे शोषण्यासाठी अपंगांच्या वाहनातील रबराची रचनाच उपयोगात आणली गेली. अनेकांनी या वेगळ्या रूपाची चेष्टा केली.

तिला उत्तर दिले ब्रायन स्टोनब्रिज यांनी. १९५७ मध्ये हॉकस्टोन पार्क येथे अवघ्या १९७ सीसीच्या ग्रीव्ह्जवर त्यांनी ३५० सीसी गटाची शर्यत जिंकली आणि ५०० सीसी गटात दुसरा क्रमांक मिळविला. परंतु ऑक्टोबर १९५९ मध्ये ग्रीव्ह्ज यांच्यासमवेत मोटारीने प्रवास करीत असताना अपघातात स्टोनब्रिज यांचा अंत झाला. ग्रीव्ह्ज वाचले.

ज्याने गाडीला नाव मिळवून दिले, तोच गेला. तरीही काम थांबले नाही. डेव्ह बिकर्स यांनी १९६० आणि १९६१ अशी सलग दोन वर्षे २५० सीसी गटाचे युरोपीय विजेतेपद ग्रीव्ह्जवर पटकाविले. त्या गटात तेव्हा याहून मोठा किताब नव्हता.

सत्तरच्या दशकात मोटारसायकलींचे उत्पादन थांबले. संग्राहक आज त्या तुळईवरूनच जुनी ग्रीव्ह्ज ओळखतात. तिच्या मालकाने पहिले इंजिन जोडले होते, ते मात्र शर्यतीसाठी नव्हे, तर आपल्या माणसाला घराबाहेर पडता यावे म्हणून.