विणकराच्या मुलाने पाहिले दगडाचे पोट

वावरात विहीर खणताना सुरुंगाने काळा धोंडा फुटला की कधी कधी त्याच्या पोकळीत काचेसारखे चकचकीत खडे दिसतात. आपण त्यांना गारा म्हणतो. त्यांच्या बाजू इतक्या सरळ कोणी घडवल्या? हे कोडे सोडवणारे थोर शास्त्रज्ञ म्हणजे रेने आयुई.

त्यांचा जन्म २८ फेब्रुवारी १७४३ रोजी फ्रान्समधील एका लहान गावी झाला. वडील गरीब विणकर होते. पण मुलगा हुशार! पॅरिसला शिकून तो धर्मगुरू आणि शिक्षक झाला.

एकदा एका गृहस्थांकडे कॅल्साइटचा सुंदर स्फटिक पाहताना तो आयुईंच्या हातून पडला अन् फुटला. दुसऱ्याची मोलाची वस्तू! पण ते नुसते खाली मान घालून बसले नाहीत. त्यांनी तुकडे निरखून पाहिले. फुटलेल्या बाजू आरशासारख्या सपाट होत्या. मग घरी येऊन त्यांनी आपल्याजवळचे स्फटिकही फोडले. बाहेरून कॅल्साइटचे आकार निरनिराळे, पण आतून तुकडा निघे एकाच आकाराचा! विटेवर वीट रचावी तसे एकसारखे बारीक कण रचून स्फटिक होतो, असे त्यांनी १७८४ साली पुस्तकात मांडले. आतले कण खरोखरच रांगेने बसलेले असतात, हे १९१२ साली क्ष-किरणांनी दाखवून दिले.

१७९२ साली राज्यक्रांतीच्या धामधुमीत आयुईंना कैद झाली. तिथेही त्यांनी आपले स्फटिक मागवून घेतले! जॉफ्रॉय या तरुण विद्यार्थ्याने खटपट करून त्यांना सोडवले. थोड्याच दिवसांत तिथल्या धर्मगुरूंची कत्तल झाली. शिष्यामुळे गुरूचा जीव वाचला. पुढे १८२२ साली आयुई वारले.

आता आपल्या गारांकडे वळू. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. त्यांत गरम पाणी झिरपले. पाण्यात विरघळलेली खनिजे पोकळीच्या कडेला कणाकणाने बसत गेली आणि स्फटिक वाढले. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातले अ‍ॅपोफिलाइटचे स्फटिक जगभर नावाजलेले आहेत. त्या खनिजाला हे नाव आयुईंनीच १८०६ साली दिले.

तेव्हा मित्रांनो, हातून वस्तू पडली तर घाबरून लपवू नका. आणि विहिरीवरचा फुटका धोंडा दिसला तर एकदा त्याच्या पोटात डोकावून बघा बरं!